मदत हवी आहे: दिवाळीत 21 जणांना ‘पन्हाळा थाळी’ करायची आहे, तटबंदी उभी राहीना!

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही. आम्ही कोल्हापुरातच, गंगावेशजवळ राहतो. यंदा दिवाळीला कितीतरी वर्षांनी दोन्ही नणंदा, धाकटे दीर-जाऊ आणि पुण्याचे मामा-मामी सगळे एकदम येणार आहेत, म्हणजे मोठी माणसं 14 आणि पोरं 7, सगळ्यात धाकटा 4 वर्षांचा आणि मोठी 13 ची. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण आमच्याकडं आहे, मटण 4 किलो सांगून ठेवलंय.

दरवेळी काय होतं की आम्ही बायका सकाळपासून वाटण घाटण करतो, पुरुषांची पंगत उठते आणि पोरं दोन घास खाऊन मोबाईल घेऊन माडीवर जातात. एकमेकांना भेटायला आलेली भावंडं एका खोलीत बसून एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला खरंच बघवत नाही. यावेळी माझी लेक अंगणात पन्हाळ्याचा किल्ला करणार आहे, कारण 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले 12 किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे हे तिला शाळेत सांगितलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. मग मला वाटलं जेवण पण पन्हाळ्याचंच करूया की!

रील्स आणि पिंटरेस्टवर खूप बघितलं. किल्ला, जहाज, जंगल असली टेबलं लोक फार सुंदर मांडतात, पण सगळं चीज, चिप्स आणि ब्रेडचं. आमच्यात तांबडा-पांढरा नसेल तर त्याला कोणी जेवण म्हणणार नाही, म्हणून कल्पना तिकडची घेतली आणि पदार्थ आपले बसवले:

अंबारखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आहेत आणि तिथं भात, नाचणी, वरी असलं धान्य साठवायचे, तर भाताची मूद, नाचणीची भाकरी आणि वरीचा भात अशी तीन कोठारं. अंधारबाव म्हणजे गडावरची खोल विहीर, तिच्यासाठी खोल पितळी डब्यात तांबडा रस्सा. तबक उद्यान म्हणून खरोखरच्या तबकात काकडी, टोमॅटो, दही-कांदा. तीन दरवाजा म्हणजे तीन प्रश्न, उत्तर दिलं की पुढचा पदार्थ वाढायचा. धाकट्यांना तिखट चालत नाही, त्यांना मसाला घालायच्या आधीच अळणी (मटण शिजवलेलं पाणी) बाजूला काढून देणार. आधी दोन झाकलेल्या पालख्या करून एकीत गोड लपवायचं असंही सुचलं होतं, पण महाराज वेढ्यातून निसटावेत म्हणून त्यांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसलेल्या शिवा काशीदांनी तिथं जीव दिलाय, त्याचा असा खेळ करायला मन होईना. ती गोष्ट सासऱ्यांनी सांगावी आणि पोरांनी गप्प बसून ऐकावी एवढंच ठेवलंय.

आता अडचणी. परवा ट्रायल घेतली. व्हिडिओत बघून ज्वारीच्या भाकरीचे तुकडे उभे करून तटबंदी केली, तर रस्सा वाढेपर्यंत निम्मी भिंत मऊ पडून आडवी. बासमतीचे बुरुज केले ते हात लावला की सुटतात. उकडलेल्या बटाट्याचा तट उभा राहिला पण दिसायला नुसता चिखल, लेक रडकुंडीला आली. शिवाय हे सगळं मांडेपर्यंत पांढरा रस्सा गार झाला, परत उकळी आणली तर फुटला.

दुसरं म्हणजे नणंदेच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, चांगलीच आहे, एकदा ॲडमिट करायला लागलं होतं. आमच्या चटणीत (कांदा-लसूण, घरचीच) शेंगदाणा नाही, रश्शातही नाही. एवढं पुरेल का? आणि मामी माळकरी आहेत, त्यांना वेगळं वाटू न देता या खेळात कसं घ्यायचं?

आणि सगळ्यात मोठी अडचण सासऱ्यांची. ते म्हणाले, "गडावर गेलं की आपण तिथली माती कपाळाला लावतो, आणि तू पोरांना गड खायला शिकवणार?" रागानं नाही म्हणाले, पण लागलं मला. महाराजांची मूर्ती किंवा चित्र जेवणाजवळ ठेवणार नाही हे मी आधीच ठरवलं होतं, तरी त्यांचं म्हणणं निम्मं पटतंय आणि कल्पना सोडवत पण नाही. काय करू?

आजऱ्याची माहेरवाशीण: ताई, बासमतीची मूद कधीच बसत नाही, दाणा मोकळा राहतो त्याचा. घनसाळ नाहीतर इंद्रायणी घ्या, पाणी बेताचं, गरम असतानाच तूप लावलेल्या वाटीत दाबून भरा आणि पाच मिनिटांनी पालथी घाला. बुरुज काय, अख्खी माची उभी राहील. घनसाळ वासालाही लई भारी. आणि एकच मोठा किल्ला 21 जणांत कसा वाढणार ओ? प्रत्येक ताटात एक एक बुरुज द्या.

रस्सावाली: पांढरा फुटतो कारण नारळाचं दूध घातल्यावर तुम्ही खळखळून उकळताय. अळणी एकीकडं गरम ठेवा, तीळ-खसखस-काजूचं वाटण आधी शिजवून घ्या, दूध अगदी वाढायच्या आधी घाला आणि मंद आचेवर नुसतं गरम करा. नंतर ते पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवलं की पंगत संपेपर्यंत राहतं. ॲलर्जीचं मात्र पुरणार नाही बरं का! तेल कुठलं वापरता? आपल्याकडं बऱ्याच घरात घाण्याचं शेंगतेल असतं, ते त्या दिवशी बंदच ठेवा, फोडणीला सूर्यफूल घ्या. ज्या मिक्सरच्या भांड्यात कूट करता त्यात वाटण नको, पाट्यावर कूट केलं असेल तर पाटाही नको. फराळाचा चिवडा त्या खोलीत ठेवू नका, पोरं तेच हात सगळीकडं लावतात. आणि मुलाची औषधं कुठं ठेवलीत ते नणंदेकडून आधीच विचारून घ्या. मामींसाठी अख्खा मसूर करा, पण पातेलं, पळी, ताट सगळं पहिल्यापासून वेगळं. तीन दरवाजांचे प्रश्न मामींनी विचारायचे, म्हणजे त्या खेळाच्या मधोमध.

गडभटक्या: ताई, तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं, आणि तुमची कल्पना पण सोडू नका. 1660 ला आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याचा वेढा पडला तेव्हा महाराज मार्चपासून जुलैपर्यंत गडावर अडकले होते. चार महिने आतल्या माणसांनी काय खाल्लं असेल? अंबारखाना त्यासाठीच तर आहे. मग गड खायचाच कशाला, गडावर जेवायचं. मधोमध पाटावर पोरांनी केलेला मातीचा छोटा पन्हाळा ठेवा, चांगला वाळलेला, भोवती केळीची पानं, आणि शिबंदीचं (गडावरच्या सैनिकांचं) जेवण म्हणून पोरांनी कोठारातून धान्य आणून मोठ्यांना वाढायचं. भाकरीच्या भिंतीची भानगडच मिटली. मावळे मात्र पाटावरच ठेवा, रंग दिलेले असतात, अन्नाला लागायला नकोत.

(मीच, धागाकर्ती): सगळ्यांचे मनापासून आभार. शेंगतेलाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडं घाण्याचंच आहे, ताईंनी विचारलं नसतं तर काय झालं असतं या विचारानं रात्री झोप आली नाही. आजच नवा सूर्यफुलाचा डबा आणला आणि मिक्सरचं एक नवीन भांडं पण.

गडभटक्या यांचा प्रतिसाद मी सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अंबारखाना करणार कोण? पोरांना कोठारांची छपरं जमायची नाहीत, ती कमानीची आहेत आतून." आणि संध्याकाळी स्वतः दोन घमेली लाल माती घेऊन आले! आता लेक आणि ते दोघं रोज अंगणात बसतात. उद्या मावळे आणायला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पण तेच जाणार आहेत म्हणे.

जेवण आता असं ठरलंय: पोरांची पंगत पाटाभोवती गोल, मोठ्यांची दोन्ही बाजूंना समोरासमोर. वाढपी 10 वर्षांवरची पोरं, पण गरम रस्सा वाढायचा तो दीर आणि माझे मिस्टर. मामींना फोन केला तर त्या प्रश्न काढायला लागल्यात, आत्तापर्यंत 11 झालेत.

फक्त एकच राहिलं. वरीचा भात मी उपवासाला चार जणांपुरताच करते, 21 जणांना प्रत्येकी दोन-तीन घास यावेत एवढी वरी किती घेऊ? उद्या सकाळी लक्ष्मीपुरीत जाणार आहे, त्याआधी कोणीतरी सांगा.