एक सर्व्हिस चुकली म्हणून अख्खी वॉरंटी जाते का?

वर्धारोड_टॉर्क
सर्व्हिस काउंटरवर एक वाक्य फार सहज ऐकवलं जातं: "सर्व्हिस चुकली, वॉरंटी संपली." हे अर्धंच खरं आहे, आणि माणूस ते पूर्ण खरं मानून बिल भरून घरी जातो. मला हे अजिबात पटत नाही.

वॉरंटी असते ती मालातल्या किंवा बनावटीतल्या दोषासाठी. अपवाद असतो देखभाल न केल्यामुळे झालेल्या नुकसानीचा. त्यातला "मुळे" सोडून चालणार नाही. १०,००० किमीची सर्व्हिस राहिली आणि मागच्या काचेची मोटर बंद पडली, तर इंजिन ऑइलचा त्या मोटरशी काय संबंध? स्क्रीन, सेंट्रल लॉक, इलेक्ट्रिक स्टिअरिंग, रंग, एअरबॅगचं वायरिंग, यातलं काहीच ऑइल फिल्टरवर चालत नाही. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) गेला आणि ऑइल १८,००० किमी चाललेलं निघालं, तर मात्र भांडायला तोंड नाही, हेही तितकंच खरं. म्हणून माझं मत: वॉरंटी भागागणिक तपासा, सरसकट रद्द करू नका.

वाडी_वर्कशॉप
टॉर्क भाऊ, सगळा भार "मुळे"वर टाकू नका. गाडीसोबत मिळणाऱ्या बहुतेक वॉरंटी पुस्तिकांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. एक तुम्ही सांगितला तो अपवाद. दुसरी "मालकाची जबाबदारी" या मथळ्याखाली: ठरलेल्या वेळी सर्व्हिस करणं आणि तिची नोंद जपणं. ही अट आहे, आणि गाडी घेताना तुम्ही ती मान्य केलेली असते.

काउंटरवरचा माणूस "नाही" का म्हणतो तेही समजून घ्या. वॉरंटीत बदललेल्या भागाचे पैसे डीलर कंपनीकडून मागतो. मोठ्या भागासाठी आधी कंपनीची मंजुरी लागते. सिस्टिममध्ये गाडीच्या इतिहासात खड्डा दिसला की क्लेम परत येतो आणि खर्च डीलरच्या गळ्यात पडतो. काचेच्या मोटरचा क्लेम सहसा निघून जातो, इंजिनचा अडकतो.

आणि तो का अडकतो ते इंजिन उघडल्यावर डोळ्यांनी दिसतं. ऑइल भरायचं झाकण काढा. आतून सोनेरी-तपकिरी पातळ थर असेल तर ठीक. काळा, बोटाला लोण्यासारखा लागणारा गाळ असेल तर खाली ऑइल साठतं त्या चेंबरमध्येही तोच आहे. तिथे ऑइल पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. गाळ त्या जाळीवर बसला की पंपाला ऑइल ओढताच येत नाही. पहिला मार टर्बोला, कारण त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावरच तरंगतो. मग टायमिंग चेनचा टेन्शनर, तो ऑइलच्या दाबावरच चेन ताणून धरतो. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड येते ती त्याचीच. त्यानंतर क्रँकचे बेअरिंग. पेट्रोल हॅचबॅकमध्ये साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल आणि एक फिल्टर, एवढ्यावर हे सगळं टळतं.

ग्राहकहक्क_धंतोली
वर्कशॉपवाल्या भाऊंचं तांत्रिक म्हणणं मान्य, कायद्याचं नाही. अट पुस्तिकेत छापली म्हणजे ती कुठल्याही भागाला लावता येते असं होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूतला "दोष" आणि सेवेतली "त्रुटी" दोन्ही वेगळे धरलेत. न झालेल्या सर्व्हिसचा त्या बिघाडाशी संबंध नसताना क्लेम नाकारला, तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. तिथे "सर्व्हिस चुकली" या दोन शब्दांवर काम भागत नाही, कारण दाखवावं लागतं.

शुल्क गाडीला मोजलेल्या किमतीवर ठरतं: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये, १० ते २० लाखांपर्यंत ४००. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. लोक फोनवर नकार ऐकून गप्प बसतात आणि मुदत निघून जाते. नकार लेखीच मागा: कोणता भाग, पुस्तिकेतलं कोणतं कलम, आणि चुकलेल्या सर्व्हिसमुळे तो भाग कसा बिघडला. या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली की बरेच नकार ढिले पडतात.

हिंगणा_डिझेल
ताई, संबंध दाखवणं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही, निदान बीएस-६ डिझेलमध्ये. नागपुरात लोक काय करून राहिलेत पाहा. धरमपेठ ते सीताबर्डी, सीताबर्डी ते सदर, दिवसाला आठ-दहा किलोमीटर. "वर्षभरात ४,००० पण नाही चालली, सर्व्हिस कशाला?" पुस्तिकेत मात्र १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असंच असतं. कमी चालणाऱ्या गाडीसाठी "वर्ष" हीच खरी अट.

कारण सांगतो. डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतल्या धुराच्या गाळणीत, काजळी साठली की ती जाळायला इंजिन जादा डिझेल मारतं. त्यासाठी सायलेन्सर तापलेला हवा, म्हणजे न थांबता १५-२० मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, साधारण २,००० आरपीएमच्या वर. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर ते होत नाही. जाळणी अर्धवट राहते आणि न जळलेलं डिझेल रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा: ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं आणि डिझेलचा वास. माणसाला वाटतं ऑइल भरपूर आहे, खरं म्हणजे ते पातळ झालंय. टर्बो बसला की कंपनी ईसीयूमधून (इंजिनच्या कॉम्प्युटरमधून) अपूर्ण जाळण्यांची नोंद काढते आणि संबंध कागदावर तयार असतो.

उपाय महाग नाही. आठवड्यातून एकदा शिवमडक्यावरून समृद्धी महामार्गावर चढा आणि अर्धा तास एकाच वेगात चालवा. डीपीएफचा दिवा लागला असेल तर मधे इंजिन बंद करू नका. आणि ऑइल कमी राखेचंच, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं. साधं डिझेल ऑइल भरलं तर त्याची राख डीपीएफमध्ये बसते, ती जाळून जात नाही.

आणखी एक. पुस्तिकेत मागच्या पानांवर "खडतर वापर" म्हणून वेगळा तक्ता असतो: धूळ, कडक ऊन, छोट्या फेऱ्या. मे महिन्यातले ४५ अंश, कोराडीकडची राख, खोदलेले रस्ते. आपलं गाव त्या तक्त्यात पूर्ण बसतं. तिथे ऑइल आणि एअर फिल्टरचं अंतर बरंच कमी दिलेलं असतं. म्हणजे नेमाने सर्व्हिस करणारेही चुकीचा तक्ता पाळत असू शकतात.

सक्करदरा_स्पॅनर
तुम्ही सगळे "सर्व्हिस" म्हणजे कंपनीचंच वर्कशॉप धरून चाललात. सर्व्हिस न करणं वेगळं, बाहेर करणं वेगळं. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड लावला होता. सुट्या भागांचं ते प्रकरण. त्यातच म्हटलंय की बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द अशी अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारावी. टॉर्क भाऊ म्हणतात तेच तत्त्व.

चांगलं गॅरेज त्याच ग्रेडचं ऑइल, तोच अस्सल फिल्टर, ड्रेन बोल्टला नवीन वॉशर, सगळं करतं. मग फक्त कंपनीच्या वर्कशॉपचा शिक्का नाही म्हणून इंजिन नाकारायचं?

वाडी_वर्कशॉप
भाऊ, तो आदेश पुढे अपिलात गेला आणि पुस्तिकांमध्ये अट आजही छापलेली आहे. आदेश दाखवून काउंटरवर क्लेम निघत नाही. आणि एक्स्टेंडेड वॉरंटी विकत घेतली असेल तर तिच्या करारात सर्व सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच, असं बहुधा स्पष्ट असतं. तिथे तुमचा मुद्दा फार लंगडा पडतो.

"चांगलं गॅरेज" म्हणता, पण बिल कसं येतं? "सर्व्हिसिंग, ऑइल" आणि खाली एक आकडा. त्याने काहीही सिद्ध होत नाही. बिलावर गाडीचा नंबर, तारीख, ओडोमीटर, ऑइलचा ब्रँड आणि ग्रेड, किती लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर आणि जीएसटी क्रमांक असला पाहिजे. फिल्टरही नुसता दिसायला सारखा चालत नाही. आत रबराची झडप असते, इंजिन बंद झाल्यावर ती ऑइल खाली ओघळू देत नाही. स्वस्त फिल्टरात ती कडक होते आणि रोज सकाळी इंजिन कोरडं फिरतं. कूलंटच्या जागी नळाचं पाणी हा इथला उन्हाळ्यातला दुसरा रोग. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, मग इंजिन तापून गॅस्केट (जोडावरची सील) जातं. ते गॅस्केट कोणती कंपनी वॉरंटीत देईल?

सक्करदरा_स्पॅनर
बिलाचं मान्य. बाकी नाही. ग्रेड आणि पार्ट नंबर लिहिलेलं बिल असूनही नाकारतात, आणि ते चूकच आहे.

वर्धारोड_टॉर्क
डीपीएफच्या बाबतीत हिंगणावाल्या भाऊंनी माझं मत थोडं हलवलं. "संबंध नाही" असं डिझेलच्या इंजिनाबद्दल म्हणताना यापुढे जपून म्हणेन. बाकी भागांबद्दल ठाम आहे.

बिघाड झालाच तर क्रम असा ठेवा. ऑइलचा लाल दिवा लागला की तिथेच बंद, पुन्हा स्टार्ट नाही. "जरा पाहू" म्हणून मारलेल्या एका स्टार्टने बेअरिंग जाते. ऑइल वरून भरू नका, नाहीतर किती होतं हे कोणालाच सांगता येणार नाही. डिपस्टिकचा आणि ओडोमीटरचा फोटो. टो करून अधिकृत वर्कशॉपमध्येच, मधे बाहेर इंजिन उघडू नका. उघडण्याआधी जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहून घ्या की तुमच्यासमोर उघडतील आणि काढलेले भाग राखून ठेवतील. क्लेम नाकारला तर उघडण्याची मजुरी तुमच्यावर येते, ती किती हेही आधीच लिहून घ्या.

प्रतापनगर_नवी_गाडी
तिसरी मोफत सर्व्हिस, १०,००० किंवा १ वर्षाची, दोन महिने आणि १,२०० किमीने उशिरा आहे. आता करून फायदा आहे का, की गेलीच?

वाडी_वर्कशॉप
उद्याच करा. काही कंपन्या थोड्या दिवसांची आणि किलोमीटरची सवलत देतात, तुमच्या पुस्तिकेत पाहा. कूपनची मुदत गेली असेल तर मजुरी भरावी लागेल, ऑइल-फिल्टरचे पैसे तसेही मोफत सर्व्हिसमध्ये द्यावेच लागतात. दोन महिने उशीर झालेली नोंद आणि नसलेली नोंद यात क्लेमच्या वेळी फार फरक पडतो.

ग्राहकहक्क_धंतोली
आणि जॉब कार्डवर सही करण्याआधी त्यांचा शेरा वाचा. "उशिरा सर्व्हिस" लिहिलं तर हरकत नाही, ते खरंच आहे. "ग्राहकास वॉरंटी लागू नाही हे मान्य" असं छापलेलं असेल तर ती ओळ खोडून मगच सही करा, आणि खोडलेल्या प्रतीचा फोटो ठेवा.