ट्रिपच्या डिस्प्लेवरचे वीजवापराचे आकडे जुळत नाहीत

कोथरूडकर:
सहा महिन्यांपूर्वी विजेवर चालणारी गाडी घेतली आणि पेट्रोलच्या दिवसांतली सवय म्हणून प्रत्येक फेरीचे आकडे वहीत उतरवू लागलो. आता वही आणि डिस्प्ले यांचे काही केल्या जमत नाही. मे महिन्यातल्या एका आठवड्यात हिंजवडीच्या ऑफिसला पाच वेळा जाणेयेणे झाले, दर वेळी ३६ किलोमीटर, आणि वापर दिसला किलोमीटरमागे साधारण १२० वॉट-अवर. याशिवाय भाजी, बँक अशा कर्वे रस्त्यावरच्या चार फेऱ्या झाल्या, जाऊन-येऊन जेमतेम ५ किलोमीटरच्या. त्यांत मात्र आकडा २१० वर गेला. या नऊ आकड्यांची सरासरी मी काढली तर १६० येते, पण आठवड्याच्या ट्रिपवर गाडी १२९ दाखवते. पार्किंगमध्ये गाडीसाठी बसवलेल्या स्वतंत्र मीटरवर त्याच आठवड्यात २९.५ युनिट पडले, तर गाडीच्या म्हणण्याप्रमाणे खर्च झाले फक्त २५.८. भरीस भर म्हणून त्याआधीच्या रविवारी पनवेलला जाताना १२२ आणि परतताना १६४. रस्ता तोच, वेग तोच, माणसेही तीच. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले तेव्हा ‘अपडेट आले की ठीक होईल’ एवढेच उत्तर मिळाले. सेन्सर बिघडला आहे असे समजावे का?

घाटउतार:
सेन्सरला दोष देण्याआधी सरासरीचा हिशेब तपासावा, कारण चूक तिथेच आहे. ५ किलोमीटरच्या फेरीला आणि ३६ किलोमीटरच्या फेरीला आपण सारखेच वजन दिले आहे. एक युनिट म्हणजे १,००० वॉट-अवर; ऑफिसचे १८० किलोमीटर गुणिले १२० म्हणजे २१.६ युनिट, बाजाराचे २० किलोमीटर गुणिले २१० म्हणजे ४.२ युनिट, एकूण २५.८ युनिट आणि २०० किलोमीटर. भागाकार केला की बरोबर १२९ येतात. गाडी खरे बोलते आहे.

पनवेलचे उत्तर घाटात आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आणि पनवेल जवळजवळ समुद्राच्या पातळीला. माणसांसकट गाडीचे वजन १,७०० किलो धरले, तर तेवढी उंची चढण्यासाठी अडीच युनिट वीज निव्वळ वजन उचलण्यातच जाते आणि मोटरमधली गळती धरली तर थोडी अधिकच. उतरताना हीच ऊर्जा परत मिळते, पण पूर्ण नाही, कारण मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांतून जाता-येता प्रत्येक टप्प्यावर थोडी उष्णता होऊन निघून जाते. जाता-येताच्या आपल्या आकड्यांत किलोमीटरमागे ४२ चा फरक आहे, म्हणजे १२० किलोमीटरच्या रस्त्यावर पाच युनिट. एकीकडे अडीच कमी, दुसरीकडे अडीच जास्त. हा फरक दिसला नसता तरच मला काळजी वाटली असती.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: लोणावळ्यात मुक्काम करून बॅटरी १०० टक्के भरून लगेच घाट उतरायला घेऊ नका. भरलेल्या बॅटरीत परत येणाऱ्या विजेला जागा नसते, त्यामुळे मोटरचा ब्रेक जवळजवळ लागतच नाही आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो.

सिग्नलग्रस्त:
बाजाराच्या फेरीतले २१० हे सिग्नलमुळे असावेत. कर्वे रस्त्यावर दर दोनशे मीटरला थांबावे लागते, आणि प्रत्येक वेळी गाडी शून्यापासून उचलायची म्हणजे वीज जाणारच.

मीटरवाला:
सिग्नलग्रस्त यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. पेट्रोलच्या गाडीला हा नियम लागू पडतो; विजेच्या गाडीत ब्रेक लावताना बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत जाते, शिवाय कमी वेगात हवेचा विरोध नगण्य असतो. माझा संशय एसीवर आहे. एसीचा खर्च अंतरावर नव्हे, वेळेवर ठरतो. उन्हात तापलेली गाडी थंड करताना एसी सुरुवातीला जास्त वीज ओढतो. अर्ध्या तासाची सरासरी ९०० वॉट धरली तरी ०.४५ युनिट होते. तेवढ्या वेळात आपण फक्त ५ किलोमीटर गेलात, म्हणजे किलोमीटरमागे ९० वॉट-अवर एसीचेच. १२० मध्ये ९० मिळवा. सिग्नलला उभे असताना सरासरीचा आकडा वर सरकत राहतो, तोही यामुळेच.

मीटरचे ३.७ युनिट हरवलेले नाहीत. डिस्प्ले बॅटरीतून बाहेर पडलेली वीज मोजतो, मीटर सॉकेटमधून गेलेली. मधल्या वाटेवर गाडीतला चार्जर तापतो, केबल तापते, बॅटरीही थोडी तापते, आणि चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतली नियंत्रण यंत्रणा जागी असते. आपल्याकडे दहा ते पंधरा टक्के तूट नेहमीचीच, आणि आपली साडेबारा टक्के आहे. १५ अँपियरच्या सॉकेटवर चार्जिंगला अधिक तास लागतात, त्यामुळे नियंत्रण यंत्रणेचा हा खर्च ७.२ किलोवॉटच्या चार्जरपेक्षा प्रमाणात जास्त पडतो. किलोमीटरचा खरा खर्च काढायचा असेल तर मीटरचाच आकडा घ्यावा, कारण महावितरणचे बिल त्याच्यावर येते. उभ्या गाडीत एसी लावून बसलात तर ती वीज ट्रिपमध्ये धरली जाते की नाही, हे गाडीगणिक बदलते. ते पुस्तिकेत पाहावे लागेल.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. वहीतला १६० आज खोडला. काल सकाळी साडेसहाला, सिग्नल पिवळे लुकलुकत असताना, एसी बंद ठेवून त्याच बाजारापर्यंत जाऊन आलो; १२४ आला. आज त्याच वेळी, तितक्याच रिकाम्या रस्त्यावर, एसी पूर्ण लावून गेलो तर १७१. मात्र पहाटे गाडी तापलेली नव्हती आणि वेळही निम्माच लागला, त्यामुळे दुपारच्या २१० मधला सिग्नलचा वाटा नेमका किती, हे या दोन फेऱ्यांवरून सांगता येणार नाही. रविवारी भर दुपारी, गर्दीत, एसी बंद ठेवून एक फेरी मारून पाहतो. घरच्यांनी सोबत येण्यास स्पष्ट नकार दिला आहे.