ट्रिस्केलियन : तीन फाटे दिसले की हाच शब्द वापरायचा का?

अक्षरशोध
तीन फाट्यांच्या कुठल्याही आकृतीला हल्ली सरसकट 'ट्रिस्केलियन' म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ग्रीकमध्ये 'त्रि' म्हणजे तीन, 'स्केलोस' म्हणजे पाय. समद्विभुज त्रिकोणाच्या 'आयसोसेलिस' या नावातही हाच 'स्केलोस' आहे. ग्रीकांना तिथे पाय दिसले, आपल्याला भुजा. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन या बेटाच्या झेंड्यावर चिलखती तीन पाय आहेत, मांडीपाशी जोडलेले आणि गुडघ्यात एकाच दिशेने वाकलेले. खरी मेख या बाकात आहे. आकृती १२० अंशांत फिरवली तर जशीच्या तशी बसते, पण आरशात धरली की उलटी धावते. सरळ फाट्यांचा 'वाय' आरशातही तसाच दिसतो. त्याला तिफाटा म्हणा की! त्रिशूळ तर फिरवूनही जुळत नाही.

वर्तुळ
व्युत्पत्तीवर एवढं अडून कसं चालेल? आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याच्या दगडावर इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची तीन सर्पिलं आहेत. पाय एकही नाही, तरी त्यांना ट्रिस्केल म्हणतात, म्हणजे ट्रिस्केलियनच. १९८१ मध्ये पेशींमधल्या क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या घटकालाही हेच नाव मिळालं. अर्थ रुंदावलाय, हे मान्य करा.

पेशीरस
@वर्तुळ, क्लॅथ्रिनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. त्या घटकात प्रथिनाच्या तीन जड साखळ्या मध्यभागी जोडलेल्या, प्रत्येकीला एक हलकी साखळी. या पायांच्या भागांना शास्त्रज्ञ गुडघा, घोटा अशीच नावं देतात. शेजारशेजारच्या घटकांचे पाय एकमेकांत गुंफून पंचकोन-षट्कोनांची टोपली बनते. नुसते षट्कोन जुळले तर जाळी सपाट राहते. टोपली मिटायला १२ पंचकोन लागतातच. २८ घटकांचीही छोटी टोपली बनते. बाक नसता, पाय ताठ असते, तर ही गुंफण जमलीच नसती. नाव अगदी चपखल आहे.

तीन टोकं
सिसिलीच्या झेंड्यावरच्या तीन पायांना 'ट्रिनाक्रिया' म्हणतात, त्यावरून दोन्ही शब्द एकच समजू नका. ट्रिनाक्रिया म्हणजे तीन भूशिरांचं बेट, तिथे पायांचा संबंध नाही. ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातल्या 'थ्रिनाकिया' बेटाच्या नावाचा संबंध तर 'थ्रिनाक्स'शी, म्हणजे तीन दातांच्या काट्याशी जोडतात.

अक्षरशोध
म्हणजे काट्याला ग्रीकांकडेही वेगळा शब्द होता! न्यूग्रेंजसाठी 'त्रिसर्पिल' पुरे.

वर्तुळ
काटा सोडला. पण ती सर्पिलंही फिरवली तर ढोबळमानाने जुळतात, आरशात उलटतात. तुमचीच कसोटी लावली तर न्यूग्रेंज आत येतं.