चर्चा: साथीत गावाला लस हवी होती की 'डिझाइन थिंकिंग'?

जांबोटीकर
परवा कॉलेजात डिझाइन थिंकिंगची कार्यशाळा झाली. आधी माणसाकडे जाऊन ऐका, अडचण नेमकी ओळखा, छोटा नमुना करून बघा. मला मे 2021 आठवला. कोविडच्या लसीसाठी 18 ते 44 वाल्यांना कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची. घरातला एकुलता स्मार्टफोन भावाकडे, भाऊ गोव्यात कामाला. शेजारच्या पोराच्या नंबरवर चार जण आधीच भरलेले, म्हणून वहिनीनं भावाचा नंबर दिला. ओटीपी पडला मडगावात, आणि ही टेकडीवर रेंज शोधत त्याला फोन लावतेय! 24 मेला केंद्रानं सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा दिली. आधीच कुणी वाडीत येऊन बसलं असतं तर?

निपाणी_नाका
बसून काय केलं असतं? लसच नव्हती. 14 मेपासून कर्नाटकानं 18-44 चं लसीकरणच थांबवलं, तुटवड्यामुळं. कार्यशाळेतल्या रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवून कुपी भरत नाही, दादा. डॉक्टर, नर्स, खाटा यांचं बोला.

आशा_खानापूर
अण्णा, कमी होती म्हणूनच रांग कुणी लावली ते बघायला पाहिजे. लस आली की स्लॉट पटकन बोटं चालवणाऱ्यांना. आमच्याकडं शहरातनं गाड्या करून लोक यायचे, टोचून जायचे. आशा कार्यकर्ती म्हणून घरोघरची वही माझ्याकडं होती: कोण बाळंतीण, कुणाला शुगर. वही कुणी मागितली नाही. (मानधनाचं तर सोडाच.)

चंदगडी
ताईंचं पटतं, पण वही मागणार कोण? बाजारहाट असो की दवाखाना, आम्हाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. तेव्हा महाराष्ट्रातून कर्नाटकात येताना 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर लागायचा. तातडीच्या उपचाराला सूट होती म्हणे. बाबांची महिन्याची शुगर तपासणी तातडीत कोण धरतो? सीमेवरच्या शिनोळीवरनं परत पाठवलं. नाक्यावरच्या पोलिसाला सगळं कळत होतं, बदलायचा अधिकार नव्हता. दोन राज्यांच्या मध्ये राहणाऱ्याचं ऐकून घेणं हे कुणाच्याच कामात बसत नाही.

निपाणी_नाका
हेच म्हणतोय मी. अधिकार नसेल तर ती कार्यशाळा म्हणजे चहा-बिस्किटं.

जांबोटीकर
अधिकाराचं कबूल. पण नोंदणीचा नियम बदलायला नवी खाट लागली नव्हती की नवा डॉक्टर. तेवढं तरी आधी सुचायला हवं होतं.

आशा_खानापूर
वहिनीला डोस कधी मिळाला मग?

जांबोटीकर
जुलैत. नंबर भावाचाच दिला, ओटीपी कुणी विचारला नाही.