आफ्रिकेतली कॅन्सरची मुलं आणि आपलं शहाणपण

कासवछाप (धागाकर्ता)
परवा इथल्याच एका लेखात वाचलं: "आफ्रिकेत कॅन्सर झालेली मुलं मरतात, कारण आईबाप आधी भगताकडे जातात. औषधं पाठवून उपयोग नाही, आधी डोकी सुधारा." खाली सहमतीची रांग. उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

डेनिस बर्किट या सर्जनने युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात जबडा सुजलेली पोरं पाहिली आणि १९५८ साली त्यावर लिहिलं. तोच आजचा बर्किट लिम्फोमा, लसिका पेशींचा कॅन्सर. दोनेक दिवसांत दुप्पट होणारी गाठ, पण केमोने विरघळतेही तशीच भराभर. केमोने कॅन्सर बरा होऊ शकतो हे जगाला ज्या मोजक्या ठिकाणांनी दाखवलं, त्यातलं एक कंपाला. १९६७ पासून तिथे कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. हुकूमशहा इदी अमीनच्या काळात अमेरिकन डॉक्टर निघून गेले, तेव्हा चार्ल्स ओल्वेनी या युगांडाच्याच डॉक्टरने ती चालू ठेवली. डोकी होती, आहेत.

मग मुलं का जातात? लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली अंदाज आले होते: निदानानंतर पाच वर्षं जगणारी मुलं उत्तर अमेरिकेत ८३ टक्के, पूर्व आफ्रिकेत ८. पश्चिम आफ्रिकेत निम्म्याहून जास्त मुलांचं निदानच होत नाही. केनियात एल्डोरेटच्या रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या, तर ५४ टक्के मुलांचे उपचार अर्धवट सुटलेले. वर बिल भरेपर्यंत पोराला वॉर्डातून सोडायचं नाही अशी पद्धत होती. एकदा अशी अडकलेली आई दुसऱ्या केमोला येईल? यात भगत कुठे आला ते सांगा.

मोम्बासा_रोड
मी नैरोबीत अकरा वर्षं औषधांच्या धंद्यात आहे. भगत कुठे आला ते मी सांगतो: रांगेत पहिला. पोटात नारळाएवढी गाठ घेऊन मूल येतं. विचारलं की कळतं, चार महिने झाडपाला चालू होता. पुण्यात बसून हे दिसत नाही.

दुसरं, तुम्ही तिथल्या सरकारांना सूट देताय. २००१ साली नायजेरियात अबुजाला आफ्रिकेतली सगळी सरकारं जमली आणि बजेटचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करू म्हणाली. आज बहुतेक देश त्याच्या जवळपासही नाहीत. युगांडात रेडिओथेरपीचं एकच मशीन होतं, तेही १९९५ चं. २०१६ ला बंद पडलं. मशीन म्हातारं होतंय हे कुणाला दिसत नव्हतं का? "बिच्चारे गरीब" हा सूर मला त्या लेखापेक्षाही अपमानकारक वाटतो.

आणि ते ८ टक्के हा मॉडेलचा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही.

कासवछाप
मी 'बिच्चारे' कुठे म्हटलंय ते दाखवा. सरकारांबद्दल मान्य. आकडा अंदाजाचा आहे हे मीच लिहिलंय, वाचायचे कष्ट घ्या.

सांगलीची_संख्या
नोंदीच नाहीत तिथे अंदाजच येणार. त्यातही कंपालाची कॅन्सर नोंदवही १९५१ पासूनची आहे. आपल्याकडे मुंबईची १९६३ ची. तेवढा माज कमी करू या.

मिरजेचा_तंबोरा
मूळ चोरीवर कुणीच बोलत नाही. ब्लड कॅन्सरच्या मुलांना जे व्हिनक्रिस्टिन देतात ते आपल्या दारातल्या सदाफुलीपासून येतं. सदाफुली मूळची मादागास्करची. गोऱ्या कंपनीने पैसा केला, मादागास्करला काय मिळालं? आमची आजी मधुमेहावर सदाफुलीची पानं चावायची. हे ज्ञान आपलंच होतं.

सांगलीची_संख्या
पानं जमैकाहून आली होती. १९५२ मध्ये एका पेशंटने मधुमेहाचा चहा म्हणून कॅनडातल्या नोबल नावाच्या डॉक्टरला पाकिटातून पाठवली. त्यांच्या भावाने ती उंदरांना दिली. साखर हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र कोसळल्या. त्यातून आधी व्हिनब्लास्टिन हे केमोचं औषध निघालं, मग दुसऱ्या लोकांनी व्हिनक्रिस्टिन. आजीला कॅन्सरबद्दल काहीही ठाऊक नव्हतं, आणि मधुमेहाबद्दल तिचा अंदाज चुकला होता.

मिरजेचा_तंबोरा
माझ्या आजीवर जायचं काम नाही.

वॉर्ड_नंबर_सात
नर्स आहे म्हणून बोलते. कुणीही हे वाचून पानं खायला सुरुवात करू नका. व्हिनक्रिस्टिन फक्त शिरेतून जातं. चुकून मणक्यात गेलं तर माणूस हमखास जातो, म्हणून आम्ही लेबल दोनदोनदा वाचतो. ते विष आहे, मोजून दिलं म्हणून औषध.

खडूस_आजोबा
धागा आफ्रिकेतून मिरजेला सुखरूप पोचल्याबद्दल अभिनंदन.

मोम्बासा_रोड
कंपन्यांना शिव्या घालून झाल्या असतील तर हेही लिहा: आज आफ्रिकेत केमो परवडते ती भारतीय जेनेरिकमुळे. मूळ ब्रँडच्या किमतीत एकही सरकारी वॉर्ड चालला नसता. आम्ही नसतो तर तुमचे ८ टक्के शून्य झाले असते.

कासवछाप
उपकार झाले. आता दुसरी बाजू. २०२५ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थला अभ्यास आला. इथिओपिया, केनिया, मलावी आणि कॅमेरूनमधून कॅन्सरची औषधं गोळा करून तपासली, सहातलं एक निकषात बसेना. कुठे औषध कमी, कुठे जास्त. त्यात आपल्या कंपन्यांचा मालही होता. त्यातली सायक्लोफॉस्फामाइड आणि मेथोट्रेक्सेट ही केमोची औषधं मुलांनाही जातात. २०२२ ला गांबियात भारतीय खोकल्याच्या औषधाशी जोडले गेलेले सत्तरच्या आसपास मुलांचे मृत्यू विसरलात?

मोम्बासा_रोड
येणारच होतं हे. खोकल्याचं औषध आणि केमो एका पोत्यात भरा. बंदरात कंटेनर तीन आठवडे उन्हात उभा राहतो, कस्टमवाल्याला चहापाणी हवं असतं, खेड्यातल्या स्टोअरमध्ये फ्रिज नसतो, आणि तपासणीत नापास झालं की नाव कुणाचं? आमचं. टेंडरमध्ये सगळ्यात स्वस्त तोच घेणार आणि वर दर्जा मागणार!

वॉर्ड_नंबर_सात
उन्हाने औषध उतरेल, वाढणार कसं? वर 'कुठे जास्त' असंही लिहिलंय, ते कस्टमवाल्याने भरलं का? आणि बाटलीकडे बघून काही कळत नाही. आम्ही टोचतो, मूल उलट्या करतं, केस गळतात, गाठ तेवढीच. मग डॉक्टर म्हणतात, रोग दाद देत नाही. रोग दाद देत नाही की औषधात दम नाही, हे आईला कोण सांगणार? पुन्हा सगळे म्हणणार, भगताकडे गेली म्हणून उशीर झाला.

मोम्बासा_रोड
प्रत्येक बॅचचा कागद असतो आमच्याकडे. पुराव्याशिवाय धंद्याला चोर ठरवू नका. माझी दोन्ही पोरं याच गोळ्या खाऊन वाढली.

सांगलीची_संख्या
केमो खाऊन वाढली का? नाही ना? मग राहू द्या.

मोम्बासा_रोड
पोरांवर जाऊ नका बाई. संपादक लक्ष देतील का?

सरिता_जालना
मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्या मुलाला २०११ ला ब्लड कॅन्सर झाला, पाच वर्षांचा होता. मुंबईला निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंनी त्याला देवऋष्याकडे नेलं. मीही गेले. अंगारा लावला आणि पहाटेची गाडी धरली. दोन्ही केलं. माझं लेकरू होतं, मी एक दार ठोठावून दुसरं सोडणार होते का? तुम्ही लिहिताय जणू भगत नाहीतर डॉक्टर, एकच काहीतरी.

परळला अकरा रात्री फुटपाथवर काढल्या. मग दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. ती मिळाली नसती तर मी परत गेले असते, खोटं कशाला बोलू. आमच्या शेजारच्या खाटेवर बीडकडचं एक जोडपं होतं, मुलगी माझ्या मुलाएवढी, आजार तोच. पोरीच्या तोंडावर टवटवी आली होती. कापूस वेचणीला माणूस नाही म्हणून दिवाळीला गेले, दोन आठवड्यांत येतो म्हणाले. आले नाहीत. त्यांना अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही. पहिल्या महिन्यात पोर बरं दिसायला लागतं आणि उपचार अडीच वर्षांचे असतात, हे कुणाला पटतं?

आमची दीड एकर गेली. मुलगा यंदा एकोणीसचा आहे.

खडूस_आजोबा
सरिताताई, नमस्कार करतो. आज खडूसपणा बंद.

सांगलीची_संख्या
बीडच्या त्या मुलीचं जे झालं त्याला उत्तर आहे. मुंबईत टाटामध्ये २००९ च्या सुमारास पाचातलं एक मूल उपचार सोडायचं. मग राहणं, जेवण, पैसा आणि मागे लागून फोन करणं याची नीट व्यवस्था लागली आणि ते पाच टक्क्यांच्या आसपास आलं. मलावी, घाना, कॅमेरून अशा देशांतल्या काही रुग्णालयांनी मिळून मुलांच्या किडनीच्या गाठीवर, म्हणजे विल्म्सवर, तेच केलं. प्रवासखर्च दिला, पत्ता ठेवला, उपचारपद्धत सगळीकडे एक केली. सोडून जाणारे २३ टक्क्यांवरून १२ वर आले. उपचार संपताना गाठमुक्त असलेली मुलं ५२ टक्क्यांवरून ६८ च्या वर. डोकी तीच, आईबाप तेच.

मोम्बासा_रोड
सरिताताई, तुमच्या मुलाला आशीर्वाद. बसभाड्याचं मान्य करतो, आणि भगताचं थोडं जास्त बोललो असेन. पण बारा टक्के अजून जातातच, आणि बसभाडं देणारी संस्था उद्या निघून गेली की पुन्हा सरकारच. ते तुम्ही कुणी बोलत नाही.

कासवछाप
ते मान्य, आणि हे मान्य करताना मला अजिबात आनंद होत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठरवलं की २०३० पर्यंत जगात निदान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत. फुकट औषधं पोचवायची योजनाही आहे. २०२५ मध्ये पहिला माल मंगोलिया आणि उझबेकिस्तानला गेला, आफ्रिकेतला झांबिया यादीत होता. औषध झांबियात उतरेल. वॉर्डापर्यंतचं भाडं कुणाच्या बजेटमध्ये बसणार, हा प्रश्न मीही टाळत होतो.

मोम्बासा_रोड
तो माल चांगला असेल याची खात्री आहे ना? नाही, सहज विचारतो. आमच्याकडे बॅचचे कागद असतात.

मिरजेचा_तंबोरा
मूळ चोरीचा मुद्दा कुणीच खोडला नाही याची नोंद घ्यावी.