खरखर आली म्हणून लगेच पॉट बदलू नका

व्हॉल्यूम पेडल (वाद्याचा आवाज पायाने कमी-जास्त करायचं पेडल) खरखरतंय म्हणजे त्यातला पॉट, म्हणजे आवाज ठरवणारा फिरता रेझिस्टर, गेलाच, असा एक सल्ला दिला जातो. मला ती घाई वाटते. मुंबईच्या दमट हवेत आधी पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे सांधे साफ करायचा स्प्रे) मारा आणि पेडल भरपूर वेळा वरखाली करा. आवाज साफ होऊन तसाच टिकला, तर ती नुसती धूळ होती. चार दिवसांत खरखर परत आली, तर आतला कार्बनचा पट्टा झिजलाय. खात्रीसाठी केबल काढा, मल्टिमीटर पॉटच्या मधल्या आणि कडेच्या पायाला लावा आणि पेडल अगदी सावकाश दाबा. ओहमचा आकडा सलग सरकायला हवा. मध्येच उडी मारली की बदलाच.

दोरीवाल्या पेडलमधली पॉट फिरवणारी दोरी मात्र मी वाट न बघता बदलतो. पुलीपाशी तंतू पिंजलेले दिसले की झालं. माझी दादरला ऐन कार्यक्रमात तुटली. आवाज अर्ध्यावरच अडकला आणि गायिका माझ्याकडे बघत राहिली.

लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाताना जुना पॉट सोबत न्या, दांड्याची लांबी जुळायला हवी. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला थेट जोडायचं असेल तर साधारण २५० किलोओहम, बफरनंतर (सिग्नल सांभाळणाऱ्या सर्किटनंतर) २५, आणि शक्यतो लॉग टेपरच (कानाला आवाज एकसारखा वाढल्यासारखा वाटेल असा) मागा.