स्कॅनमध्ये क्रिटिकलचा ढीग आलाय, कुठला एक्स्प्लॉइट (भोक फोडून आत शिरायचा कोड) आधी हातात घ्यायचा? तुम्ही लोक प्रायोरिटी कशी लावता?

नवा_शेल
नमस्कार मंडळी. पुण्यात एका छोट्या सिक्युरिटी कंपनीत आहे, आत्तापर्यंत वेब ॲपचीच टेस्टिंग केली, आता पहिल्यांदा एका कारखान्याचं इंटर्नल नेटवर्क मिळालंय. परवानगीचं पत्र, आयपींची यादी, कुठल्या वेळेत काम करायचं, सगळं सही करून आलंय, सो त्यावर लेक्चर नको प्लीज. नेसस या भोकं शोधणाऱ्या टूलने स्कॅन मारला तर क्रिटिकल आणि हायची एवढी लांब यादी आली की एक्सेल उघडली तरी जीव दडपतो. आमचे लीड म्हणतात सीव्हीएसएसने (भोक किती गंभीर याचा १० पैकी स्कोर) सॉर्ट कर आणि वरून खाली ये. तसं सुरू केलं तर वरचे बरेचसे जुन्या पीएचपीचे नि अपाचेचे, ज्यांना धड चालणारा एक्स्प्लॉइटच सापडत नाही. आणि क्लायंटला नुसती यादी नकोय, "आत शिरून दाखवा" असं म्हणतात ते. वेळ आठवडाभराचा.

डोळ्यात भरलेल्या गोष्टी सांगतो: एका विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर ब्लूकीप (रिमोट डेस्कटॉपमधलं भोक), एका टॉमकॅटचं ८००९ पोर्ट उघडं म्हणजे घोस्टकॅट (टॉमकॅटमधल्या फाइली वाचू देणारं भोक), उबंटू २२.०४ वर ओपनएसएसएचचं (लांबून लॉगिन करायची सर्व्हिस) ते रिग्रेशन म्हणजे परत आलेलं जुनं भोक, एका जुन्या डोमेन कंट्रोलरवर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) झीरोलॉगॉन, म्हणजे पासवर्डशिवाय आत घेणारं भोक. आणि खाली मीडियममध्ये एसएमबी साइनिंग (विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या निरोपांवरची डिजिटल सही) सक्तीचं नाही असं जवळपास सगळ्या मशीनवर, ते मी सोडून दिलंय. कुठून सुरू करू?

शेलवाली_ताई
सोडून दिलंय तिथूनच सुरू कर 😄

सीरियसली सांगते. सीव्हीएसएसचा बेस स्कोर भोक किती वाईट आहे ते सांगतो, ते या नेटवर्कात तुझ्या हातून फुटेल का हे त्याला माहीतच नसतं. ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड घे, २०१४ चं. जुन्या व्ही२ च्या हिशोबात त्याला ५.० होते, म्हणजे मीडियम, आणि अख्खं जग त्या आठवड्यात झोपलं नव्हतं. उलटं उदाहरण तुझ्याच यादीत आहे. ओपनएसएसएचचं रिग्रेशन, सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे जाहीर भोकाला दिलेला नंबर), स्कोर ८.१. क्वालिस या सिक्युरिटी कंपनीच्या लोकांनी जाहीर केलं २०२४ च्या जुलैत, आणि त्यांनीच लिहिलंय की ३२ बिट लिनक्सवर रेस (नेमका क्षण साधायची शर्यत) जिंकायला साधारण १०,००० प्रयत्न लागतात, रूट शेल मिळेपर्यंत सरासरी ६ ते ८ तास. तुझं उबंटू ६४ बिटच असणार. तिथे आठवडा घालवलास तरी हातात काही येणार नाही, आणि लॉग मात्र भरून वाहतील. त्यात अजून एक, नेसस लांबून स्कॅन करताना बॅनर (सर्व्हिस स्वतःची आवृत्ती सांगते ती ओळ) वाचून बोलतो. उबंटूवाले आवृत्तीचा नंबर न बदलता पॅच आत घालतात. बॅनर नीट बघ, ८.९पी१ च्या पुढे शेवटी ३उबंटू०.१० किंवा त्याहून वरचं काही असेल तर पॅच कधीच लागलाय, ते फॉल्स पॉझिटिव्ह म्हणून काढून टाक.

मी स्वतः काय करते, आधी बघते की हे भोक मी जिथे बसलेय तिथून पोचता येतं का आणि लॉगिन लागतं का, मग बघते कुणी खरंच वापरतंय का. त्यासाठी सिसाची केईव्ही यादी, अमेरिकन सरकारने २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू केलेली, त्यात नाव असेल तर ते कुठेतरी खरोखर वापरलं गेलंय एवढं पक्कं. सोबत ईपीएसएस, तो रोज अपडेट होतो आणि येत्या ३० दिवसांत वापर होण्याची शक्यता किती ते सांगतो. आजवर जाहीर झालेल्या सीव्हीईंपैकी प्रत्यक्ष हल्ल्यात दिसलेले २ ते ७ टक्केच आहेत असं ईपीएसएसवालेच सांगतात, आणि एकट्या २०२४ मध्ये ४० हजारांवर नवे सीव्हीई निघाले, म्हणजे सॉर्ट करून वरून खाली यायला कुणाचं आयुष्य पुरणार?

पण हे दोन्ही जगभराचं बोलतात हां, तुझ्या कारखान्याचं नाही. एखाद्या लोकल व्हेंडरने बनवलेलं गेटपासचं सॉफ्टवेअर असेल तर त्याला सीव्हीईच नसतो, ना केईव्हीत सापडेल ना ईपीएसएसमध्ये, आणि आत डेटाबेसचं युजरनेम एसए आणि पासवर्ड एसए१२३. असलं हाताने शोधायला वेळ राखून ठेव.

ऑडिट_काका
ताईंचं बरोबर आहे पण मुला एक लक्षात ठेव, रिपोर्टात सीव्हीएसएस लागतोच. क्लायंटचा ऑडिटर, त्यांची बँक, सगळे त्याच आकड्याने बोलतात. तू ९.८ वाल्याला हात लावला नाहीस आणि मीडियमवाल्यातून डोमेन ॲडमिन (अख्ख्या नेटवर्कचा ताबा असलेलं अकाउंट) झालास तरी मीटिंगमध्ये पहिला प्रश्न "त्या ९.८ चं काय केलंत" हाच येतो. म्हणून कामाचा क्रम वेगळा आणि रिपोर्टचा क्रम वेगळा, दोन कॉलम ठेव. लीडशी वाद घालत बसू नकोस, त्याची एक्सेल त्याला दे, आपली आपल्याकडे ठेव.

नवा_शेल
थँक्यू ताई, काका. बॅनर बघितला, शेवटी ३उबंटू०.१० च आहे. म्हणजे गेलं ते यादीतून. आता ब्लूकीप. मेटास्प्लॉइटमध्ये (तयार एक्स्प्लॉइट चालवायचं टूल) मॉड्यूल आहे, टेस्टेड आहे, मग चालवायला काय हरकत? स्कोर ९.८ आहे आणि काकांच्या मीटिंगचा प्रश्नही सुटेल.

शेलवाली_ताई
थांब थांब. टेस्टेड कुठे, कशावर, हे आधी बघ. मेटास्प्लॉइटमध्ये मॉड्यूल निवडलं की इन्फो मारायची सवय लाव, तिथे रँक असते. एक्सलंट म्हणजे सर्व्हिस कधीच पडणार नाही, असल्यात बहुतेक कमांड इंजेक्शन वगैरे प्रकार येतात. मग ग्रेट, गुड, नॉर्मल, ॲव्हरेज, लो आणि सगळ्यात शेवटी मॅन्युअल. मॅन्युअलचा अर्थ त्यांच्याच डॉक्युमेंटमध्ये दिलाय, एक्स्प्लॉइट इतका अस्थिर की जवळपास सर्व्हिस पाडण्याचंच काम करतो. ब्लूकीपची रँक मॅन्युअल आहे. मेमरीचा पत्ता प्रत्येक मशीनच्या हिशोबाने जुळवावा लागतो, जरा चुकला की निळी स्क्रीन. २०१९ च्या नोव्हेंबरात ब्लूकीपचे खरे हल्ले पकडले गेले तेच मुळी हनीपॉट (आमिष म्हणून ठेवलेली मशीनं) धडाधड क्रॅश व्हायला लागले म्हणून! आणि तुझ्याकडे २००८ आर२ आहे ना, त्यावर हे मॉड्यूल चालायला रजिस्ट्रीत एक सेटिंग बदललेलं असावं लागतं जे मुळात तसं नसतं. म्हणजे बहुतेक चालणार नाहीच, वर सर्व्हर पडेल. कारखान्यातला २००८ आर२ म्हणजे त्यावर नक्की काहीतरी असं चालू असणार की ज्याचा इन्स्टॉलर आज कुणाकडे नाही.

ब्लूकीपचं वेगळं स्कॅनर मॉड्यूल आहे, तेवढं चालव, व्हल्नरेबल म्हणालं की स्क्रीनशॉट काढ आणि पुढे जा. इटर्नलब्लूचंही (विंडोजच्या एसएमबीवरचा एक्स्प्लॉइट) तसंच, एवढा गाजलेला, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय रॅन्समवेअरने जग हलवलं त्याच्यावर, तरी मूळ मॉड्यूलची रँक ॲव्हरेजच आहे.

घोस्टकॅट मात्र करून टाक. तोही ९.८ वाला आहे, पण व्यवहारात बहुतेक वेळा फाइल वाचण्यापुरताच निघतो, कोड चालवायचा तर त्याच ॲपमध्ये फाइल अपलोडची सोय असावी लागते. काही पडत नाही, पाच मिनिटांचं काम. वेब डॉट एक्सएमएल वाच, कॉन्फिगच्या फाइली वाच, नशीब असेल तर त्यात पासवर्ड पडलेला असतो. तो मिळाला की बाकी क्रिटिकल विसरच.

डीसी_दादा
झीरोलॉगॉनवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. भावा त्याला चालवू नकोस. हा एक्स्प्लॉइट एकदम पक्का चालतो, तोच प्रॉब्लेम आहे. मायक्रोसॉफ्टने त्याला १० पैकी १० दिले होते, पॅच २०२० च्या ऑगस्टचा. पब्लिक एक्स्प्लॉइट काय करतो, तर डोमेन कंट्रोलरच्या स्वतःच्या मशीन अकाउंटचा पासवर्ड एडीमध्ये (सगळ्या अकाउंटांचा डेटाबेस) रिकामा करून टाकतो. पण त्याच सर्व्हरच्या रजिस्ट्रीत जुनाच पासवर्ड असतो, दोन्ही जुळत नाहीत, मग रेप्लिकेशन बंद, डीएनएसची बोंब, आणि सकाळच्या शिफ्टला कुणाचं लॉगिन होईना. जुना पासवर्ड परत बसवता येतो, स्क्रिप्टा आहेत, पण मधल्या वेळेत काय काय तुटेल ते सांगता येत नाही.

ज्यांनी हे शोधलं त्या सेक्युरा कंपनीचीच एक टेस्ट स्क्रिप्ट आहे, ती फक्त ऑथेंटिकेशन होतंय का एवढंच बघते, पासवर्ड बदलत नाही. दर प्रयत्नाला २५६ मध्ये एक अशी शक्यता असते म्हणून ती २००० वेळा प्रयत्न करते, झालं की सक्सेस म्हणून थांबते. तेवढा पुरावा भरपूर आहे. आणि हो, चालवायच्या आधी क्लायंटच्या आयटीवाल्याला फोन कर, मेल नको, फोन. आणि हे सापडलं की रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी लेखी कळव.

पायथनभाऊ
गिटहबवरून उचलायचं असेल तर आधी कोड वाच रे बाबा, रोज एक तरी पोरगं डाउनलोड करून सरळ रन मारतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये विनरारचा एक खोटा पीओसी (भोक दाखवायचा नमुना कोड) फिरत होता, चालवणाऱ्याच्याच मशीनवर व्हेनमरॅट हा मालवेअर बसायचा. लायडन विद्यापीठाच्या लोकांनी २०२२ मध्ये ४७ हजारांवर असल्या रिपॉझिटऱ्या चाळल्या तर साधारण दहात एक गडबडीची निघाली. मोठ्ठी बेस६४ स्ट्रिंग दिसली की ती आधी उलगडून बघायची, शेलकोड असेल तर तो कुठल्या आयपीला जातो ते बघायचं. एक्स्प्लॉइट-डीबीवर हिरवी टिक असेल तर त्यांच्या टीमने तपासलेला असतो, पण त्यांनी ज्या आवृत्तीवर तपासला ती तुझी असेलच असं नाही, आणि अर्धे अजून पायथन २ मध्ये आहेत. तीच आवृत्ती व्हीएमवर टाक, तिथे चालव, स्नॅपशॉट परत लाव, पुन्हा चालव. तिथे एकदा चालला नि एकदा पडला असा असेल तर क्लायंटकडे न्यायचा नाही.

नवा_शेल
घोस्टकॅटने टॉमकॅटमधली एक प्रॉपर्टीजची फाइल दिली, त्यात डेटाबेसचं युजरनेम पासवर्ड आहे 😀 झीरोलॉगॉनची फक्त टेस्ट केली, आयटीवाल्यांना फोन करून, आणि निकाल त्याच दिवशी लेखी कळवला. ते म्हणाले त्या सर्व्हरला बदलायचं बजेट मागतोय पण वर कुणी ऐकत नाही, हा रिपोर्ट कामाला येईल. आता एसएमबी साइनिंग. ताई, ते मीडियमवालं नक्की कसं वापरायचं, आणि ब्लूकीप न चालवल्याचं रिपोर्टात काय लिहू?

शेलवाली_ताई
वा! साइनिंग सक्तीचं नसेल तर एका मशीनवरून आलेलं ऑथेंटिकेशन दुसऱ्या मशीनवर रिले करता येतं, इम्पॅकेटमध्ये त्यासाठी टूल आहे. कुठल्या तरी ॲडमिनचं बॅकअपचं अकाउंट रात्री सगळ्या मशीनवर फिरत असतं, ते सापडलं तर काम झालं. काही क्रॅश होत नाही. फक्त रिस्पॉन्डर (मशीनं नेटवर्कवर नावं शोधत ओरडतात ते पकडणारं टूल) आधी ॲनालाइज मोडमध्ये ठेवून नुसतं बघ कोण काय ओरडतंय, आणि पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे कंट्रोलर) नि स्क्रीनवाली मशीनं ज्या सबनेटमध्ये आहेत ती टार्गेटच्या यादीतून काढ, स्कोपमध्ये असली तरी.

ब्लूकीपचं सरळ लिही: तपासणीत दोष असल्याचं दिसलं, उपलब्ध एक्स्प्लॉइट अस्थिर असून सर्व्हर बंद पडण्याची शक्यता असल्याने प्रत्यक्ष चालवला नाही. खाली स्कॅनर मॉड्यूलचा आउटपुट वेळेसकट चिकटव.

ऑडिट_काका
आणि त्या ओळीवर क्लायंटच्या माणसाचा "मान्य" असा मेल आधी घेऊन ठेव.